आधी जर्मनी की आधी नेदरलँड्स? ऑफर स्वीकारण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

“जर्मनी बरं की नेदरलँड्स?” हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. कधी भाचा, कधी भाच्याचा मित्र, कधी जुन्या कंपनीतली सहकारी. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी तीन वर्षं ड्युसेलडॉर्फला आणि आता आइंडहोव्हनला, म्हणून माझ्याकडे तयार उत्तर असेल असं त्यांना वाटतं. मी उलट विचारतो: आधी कुठे जाणार, आणि कुठल्या कार्डावर?

देश पुढे बदलता येतो, पण पहिल्या देशात कुठल्या प्रकारचा परवाना घेतला आणि तिथल्या कुठल्या शहरात राहिलो, यावर पुढच्या पाच-सात वर्षांतलं बरंच काही ठरून जातं. मला हे उशिरा कळलं आणि चांगलंच महागात पडलं. ती गोष्ट पुढे येईलच.

हा लेख पदवी असलेल्या, पगारी नोकरीसाठी भारतातून निघणाऱ्यांसाठी आहे. शिक्षणासाठी जाणारे, नर्सिंगला जाणारे, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलेले यांचे नियम वेगळे, त्यात मी शिरत नाही. आकडे २०२५ सालचे दिलेत. दोन्ही देश दर जानेवारीत ते वाढवतात, तेव्हा तुमचा अर्ज ज्या वर्षी जाईल त्या वर्षीचा आकडा सरकारी संकेतस्थळावरून घ्या, एजंटच्या व्हॉट्सॲपवरून नको.

पहिली पायरी: ऑफर लेटर आणि कॅल्क्युलेटर

दोन्हीकडे पगाराची किमान अट आहे, पण मोजायची पद्धत वेगळी. जर्मनी वर्षाचा ग्रॉस पगार बघतं. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपियन संघाचा परवाना. २०२५ साली त्यासाठी तो ४८,३०० युरो लागायचा. पदवी मिळून तीन वर्षं झालेली नसतील, किंवा काम आयटी, इंजिनिअरिंग, वैद्यकीय अशा माणसं कमी पडणाऱ्या क्षेत्रातलं असेल, तर ४३,७५९ युरो ८० सेंट पुरायचे. ते ८० सेंटसुद्धा मोजतात.

नेदरलँड्स महिन्याचा पगार बघतं आणि त्यात सुट्टीचा भत्ता धरत नाही. मेख इथेच आहे. डच कंपन्या वर्षाच्या पगारावर ८ टक्के हॉलिडे अलाउन्स देतात, बहुतेक ठिकाणी मे महिन्यात एकदम. हायली स्किल्ड मायग्रंट (उच्चकुशल परदेशी नोकरदार) या डच परवान्यासाठी तिशीच्या पुढच्यांना २०२५ साली महिन्याला ५,६८८ युरो लागायचे, तिशीच्या आतल्यांना ४,१७१. दोन्ही हा भत्ता वगळून.

आता समजा तुम्ही ३४ वर्षांचे आहात आणि ऑफर लेटरवर लिहिलंय, “वर्षाला ७०,००० युरो, हॉलिडे अलाउन्ससह.” आकडा भरघोस दिसतो. ७०,००० ला १.०८ ने भागा, मग १२ ने. येतात ५,४०१. व्हिसा नाही! अट पार करायला भत्त्यासकट वर्षाला साधारण ७३,७२० युरो लागले असते. हे गणित एचआरने आधीच करायला हवं, पण पहिल्यांदाच भारतातून माणूस आणणाऱ्या कंपन्या ते हमखास विसरतात. ऑफरवर सही करण्याआधी सांगितलंत तर पगार वाढवून देतात. सही झाल्यावर मात्र तेच सांगणं म्हणजे पगारवाढीची मागणी केल्यासारखं दिसतं.

पगारासोबत आणखी एकेक गोष्ट तपासायची. नेदरलँड्ससाठी कंपनी आयएनडी या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त प्रायोजक आहे का, ते बघा. यादी ऑनलाइन आहे, नाव टाकलं की दोन मिनिटांत कळतं. नाव नसेल तर “आम्ही मान्यता काढतोय, तोवर तुम्ही राजीनामा देऊन ठेवा” असल्या बोलण्यावर विसंबू नका. नाव असेल तर अर्ज कंपनीच करते, पदवीचा प्रश्न सहसा येत नाही आणि निर्णय बहुतेक वेळा काही आठवड्यांत लागतो.

जर्मनीत उलटं. कंपनी कुठलीही चालते, तपासतात ती तुमची पदवी. परदेशी पदव्यांच्या अनाबिन नावाच्या जर्मन डेटाबेसमध्ये तुमच्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असायला हवं. तिथे कॉलेजचं नाव शोधत बसू नका, पदवी प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते शोधा. अभ्यासक्रम सापडला नाही तर झेडएबी या संस्थेकडून पदवीच्या समकक्षतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला वेळही लागतो आणि पैसेही. आयटीवाल्यांना पदवी नसतानाही ब्लू कार्ड मिळू शकतं, गेल्या सात वर्षांतला किमान तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव दाखवता आला तर.

दुसरी पायरी: एचआरला कार्डाचं नाव विचारा

“व्हिसा आम्ही बघतो” एवढ्यावर समाधान मानू नका. कुठला, ते ईमेलवर लेखी घ्या.

नेदरलँड्समध्ये दोन पर्याय असतात: हायली स्किल्ड मायग्रंट आणि युरोपियन ब्लू कार्ड. एचआर सवयीने पहिलाच घेतं, कारण तो लवकर होतो. ब्लू कार्डसाठी पदवीचं मूल्यांकन लागतं, म्हणजे कागदपत्रं आणि वेळ दोन्ही जास्त. पण तिशीच्या पुढच्यांना २०२५ साली दोन्हींची पगाराची अट सारखीच होती, ५,६८८. तेव्हा पदवी असेल आणि पगार बसत असेल, तर ब्लू कार्ड मागा. हायली स्किल्ड मायग्रंटचा परवाना नेदरलँड्सच्या बाहेर कामाचा नाही. तो घेऊन पुढे जर्मनीत नोकरी धरलीत तर जवळजवळ नव्याने सुरुवात. ब्लू कार्डवर १२ महिने झाले की दुसऱ्या देशात नवा व्हिसा न काढता जाता येतं. तिथे पोचल्यावर महिन्याभरात त्या देशाच्या ब्लू कार्डसाठी अर्ज करायचा. शिवाय ब्लू कार्डवरची दोन देशांतली वर्षं एकत्र मोजली जातात: एकूण पाच वर्षं आणि त्यातली शेवटची दोन अर्ज करता त्या देशात, एवढं झालं की युरोपियन संघाच्या दीर्घकालीन निवासासाठी अर्ज करता येतो. दोन देशांत पाय ठेवणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

तिशीच्या आत असाल आणि पगार ब्लू कार्डच्या अटीत बसत नसेल, तर हा वाद संपला. हायली स्किल्ड मायग्रंट घ्या आणि निघा.

जर्मनीतही असाच घोळ आहे. ब्लू कार्डखेरीज पदवीधरांसाठी साधा कुशल कामगार परवाना असतो आणि घाईत तो माथी मारला जातो. ब्लू कार्डवर जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांत कायमस्वरूपी परवाना मिळू शकतो, ए-१ (अगदी प्राथमिक) वर २७ महिन्यांत. साध्या परवान्यावर तीन वर्षं. पगार ब्लू कार्डच्या अटीत बसत असेल तर हट्ट धरा.

तिसरी पायरी: नकाशा उघडा आणि १५० किलोमीटर मोजा

आता माझी गोष्ट.

नेदरलँड्समध्ये परदेशातून खास आणलेल्या नोकरदाराला करात सवलत आहे. सगळे तिला थर्टी पर्सेंट रुलिंग म्हणतात. पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त, पाच वर्षांपर्यंत. ७०,००० पगारावर २१,००० युरोंना कर नाही, म्हणजे हातात वर्षाला आठ हजार युरोंच्या वर जास्त. २०२७ पासून हा भाग २७ टक्क्यांवर येणार आहे, तरीही रक्कम लहान नाही. सवलत वजा करून उरलेला करपात्र पगार २०२५ साली ४६,६६० युरोंच्या वर असावा लागायचा. वय तिशीच्या आत आणि मास्टर्स असेल तर कमी.

पण अट अशी की, नोकरीच्या पहिल्या दिवसाआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ महिन्यांहून अधिक काळ तुम्ही डच सीमेपासून १५० किलोमीटरहून लांब राहिलेले असले पाहिजेत. अंतर सरळ रेषेत, रस्त्याचं नाही. पुण्याहून, नागपूरहून थेट आलात तर प्रश्नच नाही. मी मात्र ड्युसेलडॉर्फहून आलो. सीमा तिथून पन्नास किलोमीटरच्याही आत.

कंपनीने ऑफरसोबत हातात येणाऱ्या पगाराचा तक्ता पाठवला होता, त्यात ही सवलत धरलेली. पासपोर्ट भारतीय, म्हणजे माणूस भारतातून येतोय, असं तिथल्या कुणीतरी गृहीत धरलं. मी तो तक्ता बघून घराचं भाडं ठरवलं. तिसऱ्या महिन्यात करखात्याचं नकाराचं पत्र आलं. डच येत नव्हतं, पण ‘१५० किलोमीटर’ हे वाचायला भाषा लागत नाही. कंपनीने सॉरी म्हटलं, पगार काही वाढवला नाही. भाडं मी वर्षभर तेच भरलं.

तेव्हा जर्मनीतली ऑफर कुठल्या शहरातली आहे ते बघा. कोलोन, बॉन, आखेन, डॉर्टमुंड, एसेन, म्युन्स्टर, ब्रेमेन ही सगळी १५० किलोमीटरच्या आत येतात. म्युनिक, बर्लिन, स्टुटगार्ट, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग बाहेर. ऱ्हाइनकाठच्या शहरात दोन वर्षं काढून नेदरलँड्सला जायचा बेत असेल, तर ही सवलत हातची गेली समजा. उलट आधी नेदरलँड्स आणि मग जर्मनी असा क्रम असेल तर ती पदरात पडते.

पात्र असाल तर अर्ज तुमचा आणि कंपनीचा एकत्र जातो. नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत केला तर सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तर मधले महिने बुडतात. आणि एक गंमत: ही सवलत असलेल्याला भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स परीक्षा न देता डच लायसन्सशी बदलून मिळतं. जर्मनीत भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडी चालवायची अशा दोन्ही परीक्षा. माझ्यासारखा, पंधरा वर्षं पुण्यात गाडी हाकलेला माणूस तिथे पहिल्या फेरीत नापास होतो.

मग सगळ्यांनी आधी नेदरलँड्सच गाठावं का? तसंही नाही. जर्मनीतला २१ महिन्यांचा रस्ता नेदरलँड्सकडे नाही, तिथे कायमच्या परवान्याला पाच वर्षं लागतात. पण जर्मनीचा तो परवाना जर्मनीपुरताच असतो, बिऱ्हाड हलवलं की जातो. माझा गेला. त्यामुळे जर्मनीत टिकून राहायचं असेल तरच त्या २१ महिन्यांना किंमत द्या.

चौथी पायरी: घरातली माणसं मोजा

जोडीदाराला दोन्ही देशांत कुठल्याही वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. जर्मन ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही.

खरा फरक आरोग्य विम्यात पडतो. जर्मनीत सरकारी विम्याचा हप्ता पगाराच्या टक्केवारीने कापला जातो, निम्मा कंपनी भरते, आणि न कमावणारा जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात येतात. नेदरलँड्समध्ये प्रत्येक प्रौढाचा हप्ता वेगळा, मुलं १८ वर्षांपर्यंत फुकट, आणि वर्षाचे पहिले ३८५ युरो खिशातून, फॅमिली डॉक्टरच्या भेटी सोडून. एकटा तरुण असेल तर डच पद्धत स्वस्त पडते. बायको पहिली दोन वर्षं घरी आणि दोन मुलं असतील तर जर्मन पद्धत.

आईवडिलांना कायमचं आणायचा विचार असेल तर पारडं जर्मनीकडे झुकतं. १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्या ब्लू कार्डधारकांना आईवडील आणायची वाट खुली झालीय. पण त्यांचा आरोग्य विमा तुम्ही दाखवायचा असतो, आणि सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाला तो मिळवताना घाम फुटतो. वाट आहे एवढंच. सोपी आहे असं समजू नका.

पाचवी पायरी: नोकरी गेली तर?

हे कुणी विचारत नाही. जर्मनीत प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. नेदरलँड्समध्ये प्रोबेशन फार तर दोन महिने, पण पहिला करार बऱ्याचदा वर्षाचाच. नवी नोकरी शोधायला दोन्हीकडे साधारण तीन महिने मिळतात, डच परवान्यावर तेही परवान्याची मुदत शिल्लक असेल तरच. जर्मनीत नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचं असतं, आणि ब्लू कार्डवर पहिल्या वर्षात नोकरी बदलली तर तेही. हे ईमेलने करा आणि पोच जपून ठेवा. त्या कार्यालयात अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे दिवाळीत रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं आहे.

सहावी पायरी: सीमेच्या अलीकडे घर, पलीकडे नोकरी?

निजमेगेनजवळ नोकरी आणि सीमेपलीकडे जर्मनीतल्या क्लेव्हला स्वस्त घर, अशी युरोपियन नागरिकांची राहणी बघून आपल्यालाही मोह होतो. आपल्याला ते चालत नाही. एका देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशात १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, राहता किंवा नोकरी करता येत नाही. घरभाड्यात वाचलेले तीनशे युरो परवाना घालवायला पुरेसे आहेत.

ऑफरच नसेल तर

जर्मनीचं चान्सनकार्ट जून २०२४ पासून सुरू आहे. गुणांच्या पद्धतीने मिळतं, वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास काम करता येतं. खर्चासाठी २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे पैसे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या ‘ब्लॉक्ड’ खात्यात दाखवावे लागायचे, म्हणजे १३,०९२ युरो. कर्ज काढून हे करू नका, जर्मन ए-२ पर्यंतही येत नसेल तर मुळीच नको. नेदरलँड्सचं शोधवर्ष, म्हणजे नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना, तिथे शिकलेल्यांना किंवा जगातल्या पहिल्या दोनशे विद्यापीठांतून गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना मिळतं, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांसाठी ते दार बंदच.

पासपोर्टबद्दल दोन शब्द

दोन्हीकडे नागरिकत्वाला पाच वर्षं आणि भाषेची परीक्षा. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं म्हणून आपल्याकडे पेढे वाटले गेले, पण भारत ते मानत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय जातो आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड उरतं. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. सातबारा ज्यांना जवळचा आहे त्यांनी घरी आधी बोलून घ्यावं.

शेवटची पायरी, जी खरं तर याच आठवड्यात सुरू करायची: कागद

पदवी, जन्मदाखला, लग्नाचा दाखला. नेदरलँड्ससाठी जन्म आणि लग्नाच्या दाखल्यांवर अपॉस्टिल लागतं: आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जर्मनीची पडताळणी वेगळी चालते, जर्मन दूतावासाची यादी तुमच्या शहरानुसार बघा आणि तीच पाळा.

आपला खास घोटाळा नावांचा. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर मधलं नाव गायब, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. डच नगरपालिकेतल्या कारकुनाला ‘हे वडिलांचं नाव आहे, मधलं नाव नाही’ हे समजावताना अर्धा तास जातो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे एकच नाव करून घ्या, आणि जिथे होत नाही तिथे गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

जन्मदाखला आज रात्रीच काढून बघा. माझ्या दाखल्यावर नावच नव्हतं. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, लिंग: पुरुष, आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. बारशाआधी नोंद झाली आणि नंतर कुणी गेलंच नाही. पस्तीस वर्षं त्यावाचून काही अडलं नव्हतं. आइंडहोव्हनच्या काउंटरवर त्या बाईंनी कागद उलटापालटा करून बघितला आणि शांतपणे विचारलं, “हा जन्म तुमचाच कशावरून?” नोंद त्यांनी करून घेतली, दुरुस्त दाखला आणायला मुदत दिली. बाबांनी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात चार खेपा घातल्या, शाळा सोडल्याचा दाखला जोडला, नाव चढवून घेतलं, मग शिक्के. कुरिअर माझ्या हातात पडायला अकरा आठवडे लागले.